दाढेचा मीटर

माझा पन्नास किलो तुरीचा कट्टा डाळमिलच्या दारातून परत गेला, तोही एका म्हाताऱ्याच्या दाढेवरून. दहा दिवस झाले, पण आठवलं की अजून कान तापतात.

शिवारात पिकलेलं खावं, चार पैसे गावच्या शेतकऱ्याला मिळावेत, एवढंच मनात होतं. पण आमच्याकडे तूर पाच किलो कोणी विकत नाही. मागून पाहा, बैलाचा एकच पाय विकत मागितल्यासारखं तोंड करतात. मग घेतला अख्खा कट्टा, २०२५-२६ च्या हमीभावाने. ८,००० रुपये क्विंटल, म्हणजे ४,००० रुपये मोजले.

मिलवाल्याचा हात बटणावर होता. तेवढ्यात कोपऱ्यात पोत्यावर बसलेल्या आबाजींनी कट्ट्यात हात घातला, चार दाणे उचलले आणि डाव्या गालात सारले. तोंडात दोनच दाढा, एक वर, एक खाली, पण नशिबाने समोरासमोर. त्यांनी डोळे मिटले. मिलवालाही थांबला.

“दबली,” आबाजी म्हणाले.

“म्हणजे?”

“वली हाये. वाळली तूर कट्ट करते. हे गुळावानी दबून राह्यली.”

“आबाजी, आठ दिवस अंगणात वाळवली.”

“अंगणात लिंब हाये काय?”

होता.

“मंग? दुपारी सावली फिरते. एक बाजू वलीच राह्यते.” मग कट्ट्याच्या दुसऱ्या कोपऱ्यातून मूठभर काढली. चार दाणे दाढेखाली, बाकीचे खिशात. “हे पाहा, हे कट्ट केलं.”

“ओलावा मोजायच्या मीटरवर पाहू ना,” मी म्हणालो.

“मीटरचा सेल उतरते, भाऊ. माह्या दाढेले सेल लागत नाही.”

मिलवाल्याने बटणावरचा हात काढला. मागे रांगेतले दोघं हसले. त्यातला एक तर माझ्याच गल्लीतला.

संताप याचा की म्हातारा खरं बोलत होता. दमट दाणा मिलच्या रोलखाली दबतो, टरफल गराला चिकटून राहतं, आणि जोर लावला की डाळीऐवजी चुरी पडते. नीट करायची तर तूर आधी चाळून काडी-खडा काढायचा. पहिल्या फेरीत रोलवर नुसती घासून घ्यायची, टरफलाला ओरखडे पडेपर्यंत. मग पन्नास किलोला साधारण पाव किलो खायचं तेल चोळून रात्रभर ढीग झाकून ठेवायचा. ओरखड्यांतून तेल आत उतरतं आणि टरफल सुटायला लागतं. पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन. संध्याकाळी गोळा करून झाकायचं, नाहीतर दव सगळी मेहनत पिऊन टाकतं. त्यानंतर दुसरी फेरी, तेव्हा डाळ. जात्यावर भरडायची म्हणून बाया तूर भिजवून वाळवतात, तीही होते, फक्त शिजायला वेळ घेते. चकाकणार कोणतीच नाही. दुकानातली चकाकी पॉलिशची.

गावातच डाळ व्हावी म्हणून अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने मिनी डाळमिल काढली, आमच्या गावातली त्याच घडणीची. आणि ज्याच्याकडून मी तूर घेतली, तो घरी पाकिटातली डाळ खातो! विचारलं तर म्हणाला, “भाऊ, तूर निघाली का कृषी केंद्रवाला दारात उभा राह्यते. तेल लावून वाळवत बसू, का उधारी देऊ?” तूर क्विंटलने जाते, डाळ किलोने परत येते. मधला पैसा कुठे राहतो, ते त्यालाही ठाऊक आहे, मलाही. हमीभावाच्या केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. काटा तेरावर गेला की ट्रॉली वळवा, भाडं पुन्हा भरा. माझा तर एकच कट्टा होता आणि मी दहा दिवस फुरंगटलोय.

तिसऱ्या खेपेला डाळ निघाली. त्याआधी आबाजींनी पुन्हा चार दाणे चावले आणि मान हलवली, जणू परीक्षेचा निकाल लावला. छत्तीस किलो डाळ. मजुरी सोडली तर किलोला १११ रुपये. घरी येऊन डब्यात कडूलिंबाचा पाला घातला, कारण आपल्या डाळीला टोके आपल्याआधी येतात.

मिलमध्ये मात्र एक पोतं उरलं होतं. चुनी आणि टरफल, बारा-तेरा किलो.

“भाऊ, ढोरं हायेत काय घरी?” आबाजींनी विचारलं.

“नाहीत.”

“मंग हे कायले नेता?” आवाज एकदम मायेचा झाला. “माही म्हैस गाभण हाये.”

तेव्हा उजेड पडला, की हा माणूस महिनाभर त्या कोपऱ्यात कशासाठी बसतो. पोतं त्याने स्वतःच बांधलं, माझ्याच सुतळीने. मग मोटरसायकलवर पुढे मी, मधे पोतं, मागे आबाजी, अशी वरात त्यांच्या गोठ्यापर्यंत गेली. वाटेत खिशातले दाणे काढून ते चावत होते. कट्ट, कट्ट, माझ्या कानाशी.

उतरताना म्हणाले, “पुढच्या साली दोन कट्टे घ्या. आन् लिंबाखाली वाळवू नोका.”