हुशार म्हणायचं नाही

कालपासून गावातल्या तिघांनी मला "प्रयत्न बरा होता" म्हटलंय. पानठेल्यावाल्यानं तर सुटे पैसे हातावर ठेवता ठेवता म्हटलं.

झालं ते एवढंच. मी ज्वारीचं दळण घेऊन चक्कीवर गेलो आणि लाइन गेली. सोबत चौथीतली लेक होती. ओट्यावर बसून ती सतराचा पाढा म्हणायला लागली आणि सतरा साते पाशी अडकली. मग मागच्या आकड्यात बोटांवर सतरा मिळवून तिनं एकशे एकोणीस काढले.

"अडकलीस तरी सोडलं नाहीस," मी म्हटलं. "सतरा मिळवायची युक्ती चांगली काढलीस."

शेजारी आबाजी बसले होते. त्यांचं दळण नसतंच, ते नुसते येऊन बसतात. लाइन गेली की त्यांना बरं वाटतं, कारण माणसं हलत नाहीत.

"हुशार हाये पोरगी."

"आबाजी, हुशार म्हणायचं नाही."

"काहून? मंद हाये का?"

रांगेतल्या चारही बाया लेकीकडं वळल्या. एकीनं "अवं माय" म्हणून चुकचुकलंसुद्धा.

आता खुलासा करणं भागच होतं. मी सांगितलं की अमेरिकेत कॅरल ड्वेक म्हणून मानसशास्त्राच्या बाई आहेत. १९९८ साली त्यांचा आणि क्लॉडिया म्युलर यांचा अभ्यास छापून आला. एका प्रयोगात पाचवीतली १२८ पोरं होती. आधी कोडी सोडवायला दिली. मग काहींना हुशार म्हटलं, काहींना मेहनत घेतलीस म्हटलं. त्यानंतर अवघड कोडी देऊन सगळ्यांना आपटवलं आणि पुन्हा पहिल्यासारखीच दिली. तर हुशार म्हटलेल्यांचे गुण पहिल्यापेक्षा घसरले आणि मेहनतवाल्यांचे वाढले.

"लेकरायले आपटवलं," आबाजी म्हणाले, "अन् त्या बाईले कोनी काई म्हटलं नाई?"

"आबाजी, मुद्दा असा की हुशार म्हटलं की पोरं ती हुशारीच जपत बसतात. अवघड कामाला हात लावत नाहीत."

आबाजींनी बराच वेळ विचार केला. "बरोबर हाये. माह्या थोरल्याले मी पहिलीपासून हुशार म्हनत आलो. कायलेच हात लावत नाई."

बाया हसल्या. मीही हसलो, तिथंच फसलो.

"अन् मेहनतीची तारीफ केली का मानूस पुढं जाते?"

"जातो ना."

"मंग माही कर."

"काय?"

"तारीफ. साठ वर्सं झाले वावरात. २०१७ साली बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, तरी दुसऱ्या साली पऱ्हाटीच लावली. कर. पाहू कोठलोक जातो."

ते डोळे मिटून बसले. बायांनी पदर सावरले. नाही म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी सुरू केलं. आबाजी, तुम्ही खचला नाहीत. आबाजी, नुकसान सोसूनही पुन्हा उभे राहिलात.

"आनखी."

आबाजी, पावसानं दगा दिला तरी दुबार पेरणी केलीत. माझे शब्द संपले तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला.

"झालं? गेलो का पुढं?"

खरं सांगतो, मला राग आला. आबाजींचा नाही, उत्तर नसल्याचा. वर गंमत अशी की ड्वेकबाईंनीच २०१५ साली बजावलं होतं, नुसत्या मेहनतीचे गोडवे गाऊन भागत नाही. रीत बदलून पाहिली का, मदत मागितली का, त्यातून काही शिकणं झालं का, ते बघा. आबाजी एका ओळीचं वाचन न करता तिथंच पोचले होते. आणि हे त्यांना सांगायचं तर "आबाजी, हुशार आहात" म्हणावं लागलं असतं.

तसंही आमच्याकडे कोणाची रीत बघायला वेळ कोणाला आहे? दहावीच्या निकालानंतर चौकात नव्वदवाल्यांचे फ्लेक्स लागतात. गणितात आपटून, फेरपरीक्षेला बसून सुटलेल्या पोराचा फ्लेक्स मी अजून पाहिला नाही. तान्ह्या पोळ्याचं तर बोलूच नये. मागच्या साली लेकीनं लाकडी नंदीला आजीच्या जुन्या लुगड्याची झूल शिवली, दोनदा उसवून. पहिला नंबर आला नागपूरहून सजवूनच आणलेल्या नंदीचा. खरं तर बक्षीस दुकानदाराला द्यायला हवं होतं. लेकीला पेन्सिल मिळाली आणि परीक्षकांनी तिचा गालगुच्चा घेऊन "किती गोड!" म्हटलं. आता गोड असण्यात तिची काय मेहनत?

असो. लाइन आली, दळण झालं. मी चुंगडीचं तोंड सुतळीनं बांधून ती गाडीच्या टाकीवर घेतली, लेकीला मागे बसवलं आणि गाडी काढली. पन्नास पावलांवरच्या गतिरोधकावर गाठ सुटली. गरम पीठ पँटीवर, चाकावर, रस्त्यावर.

लेक खाली उतरली. नीट निरखून बघितलं.

"बाबा, गाठ कशी मारली होती तुम्ही?"

मी काही बोलायच्या आत मागून काठी टेकत आबाजी आले. त्यांच्यामागे बाया.

"प्रयत्न बरा होता, बाबू," आबाजी म्हणाले. "रीत चुकली."

कोंबड्या मात्र काही न म्हणता कामाला लागल्या होत्या.