हो आप्पा, मातीच्या घरालाही परवानगी लागते

काल साताऱ्याहून आप्पांनी एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली विचारलं, "मग तुम्ही कशाला थांबलाय?" मेसेजात लिहिलंय: वेल्समध्ये शेतजमीन घ्या, माती-लाकडाचं घर बांधा, पर्यावरणपूरक घराला परवानगी लागत नाही. झाकून ठेवून ४ वर्षं राहिलात की घर आपोआप कायदेशीर. सोबत गवताच्या छपराच्या एका गोल घराचा फोटो.

आम्ही पश्चिम वेल्समध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहून १४ महिने याच परवानगीची वाट बघतोय. त्यामुळे रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

परवानगी लागत नाही, हे साफ खोटं. इथे उघड्या शेतात नवं घर सहसा बांधूच देत नाहीत. त्याला अपवाद म्हणून वेल्स सरकारच्या 'टॅन ६' या ग्रामीण बांधकामाच्या २०१० च्या मार्गदर्शकात 'वन प्लॅनेट डेव्हलपमेंट', म्हणजे आपल्याच जमिनीवर गुजराण करणाऱ्यांच्या घरांची तरतूद आहे, आणि त्याच्या अटी साध्या घराहून कडक आहेत. जास्तीत जास्त ५ वर्षांत उत्पन्न, अन्न, ऊर्जा आणि कचऱ्याची विल्हेवाट या किमान गरजा त्याच जमिनीवर भागल्या पाहिजेत. दरवर्षी अहवाल द्यायचा. नाहीच जमलं तर काय करणार, तेही आधीच लिहून द्यायचं. आमच्या आराखड्यात कोंबड्या किती आणि संडासाचं खत कुठे जाणार, इथपर्यंत सगळं आहे. पेम्ब्रोकशरमधलं लॅमस हे ७६ एकरांवरचं ९ घरांचं इकोव्हिलेज सगळे दाखवतात, पण त्यालाही कौन्सिलनं आधी नकारच दिला होता. परवानगी मिळाली ती अपिलात, ऑगस्ट २००९ मध्ये.

आता ते ४ वर्षांचं. नियम आहे, हे मला मान्य करावं लागतं. वेल्समध्ये विनापरवाना घर बांधून पूर्ण झाल्यापासून ४ वर्षांत कारवाई झाली नाही, तर ती पुढे करता येत नाही. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२४ पासून ही मुदत १० वर्षं झाली. पण "झाकून ठेवा" हा सल्ला माणसाला देशोधडीला लावणारा आहे. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या एका शेतकऱ्यानं गवताच्या गठ्ठ्यांमागे अख्खं घर बांधलं, ४ वर्षं त्यात राहिला आणि २००६ मध्ये गठ्ठे हटवले. हायकोर्ट म्हणालं, गठ्ठे हटवणं हाच बांधकामाचा भाग, म्हणजे मुदत पूर्ण झालेलीच नाही. वर्षानुवर्षं भांडून २०१६ मध्ये ते घर त्याला पाडावं लागलं. दुसऱ्या एकानं गवताच्या कोठाराची परवानगी काढून आत घर थाटलं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, फसवणूक करणाऱ्याला या मुदतीचा फायदा नाही. पोराबाळांना घेऊन ४ वर्षं लपून राहायचं आणि शेवटी बुलडोझर बघायचा, हे कुणाला सुचवायचं असतं का?

फोटोतलं घर २०१२ मध्ये विनापरवाना बांधलं, हे खरं. पुढचं मेसेजात नाही. पाडण्याचा आदेश आला, अपील फेटाळलं, आणि २०१५ मध्ये परवानगी मिळाली ती वन प्लॅनेटच्याच अटींवर.

जमीन स्वस्त असते म्हणे. शेतीची असते, तिच्यावर घर सहसा बांधू देत नाहीत, म्हणून स्वस्त.

८ आठवड्यांत यायला हवा तो आमचा निर्णय अजून आलेला नाही, याचा मलाही संताप आहे. तरी आम्ही थांबणार. आप्पा, धाकट्या काकांचा मुलगा कार्डिफजवळ जमीन बघतोय ना? तो मेसेज त्यालाही गेला असेल. आजच त्याला फोन करा.