किल्ल्यालाही शाकारणी लागते

अक्षय्य तृतीया उलटली की आमच्या घरात कौलं चाळायचा, म्हणजे शाकारणीचा, विषय निघतो. फुटकी कौलं बदलायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा, पडवीला झापं बांधायची. या कामाचं उद्घाटन होत नाही की फोटो निघत नाहीत. पण एक वर्ष चुकारपणा केला तर ऑगस्टात वासे काळे पडतात, आणि दोन वर्षं केला तर वासाच खाली येतो. विजयदुर्गाच्या तटाखालून जाताना दर वेळी मनात येतं, याची शाकारणी शेवटची कधी झाली असेल?

११ जुलै २०२५ ला मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे चार: विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी. पेढे मीही खाल्ले. पण तेव्हापासून जिथं चार माणसं जमतात तिथं लेझर शो, नवी जेटी आणि सेल्फी पॉइंट. तटात मुळं घुसवून बसलेल्या पिंपळाबद्दल चकार शब्द नाही!

आमच्याकडे अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तटाला बाहेरून घडीव दगड असतो आणि आत दगडमातीची भर. माथ्यावरचा चुना गेला की पाणी भरीत मुरतं, भर फुगते, तट पोट काढतो आणि एखाद्या रात्री बसतो. १७५६ साली विजयदुर्गावर समोरून इंग्रजांच्या तोफा, जमिनीवरून पेशव्यांची फौज, आणि आंग्र्यांचं आरमार डोळ्यांदेखत जळालेलं. तेवढं सोसून जो तट उभा राहिला, तो तुंबलेल्या पाण्यानं पडावा यासारखी लाज नाही.

पिंपळ तर वरून छाटून काहीच होत नाही. पावसानंतर दुप्पट फुटतो. मूळच मारावं लागतं, आणि तेही जपून, कारण कित्येकदा दगड त्या मुळानंच धरून ठेवलेला असतो. उपटलंत तर दगडासकट हातात येईल. म्हणून दुर्गप्रेमी पोरांनी उत्साहात कोयते घेऊन चढू नये, परवानगी हवी, हे मला मान्य आहे. पण ती परवानगी पावसाआधी मिळावी ना. आम्ही मार्चात मागितली होती. उत्तर आलं तेव्हा आषाढ लागला होता.

आता सिमेंट. इथं मी स्वतःच गुन्हेगार आहे. मागच्या पडवीची जांभ्याची भिंत आजोबांच्या चुन्यातली. दहा वर्षांपूर्वी मी तिला झकास सिमेंटचं प्लास्टर मारून घेतलं. तिसऱ्या पावसाळ्यात पोपडे सुटले. पोपड्यामागं बोट घातलं तर पांढरा लोणा, आणि चिऱ्याचा भुगा हातात. वाडीतल्या म्हाताऱ्या गवंड्यानं एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "झिला, भिंतीक श्वास घेवक व्हयो. तू तिचा तोंडच बांधलंस." आतला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो, सिमेंटमागं अडकतो. खारं पाणी दगडातच सुकतं, मिठाचे खडे धरतात आणि दगड आतून फुटतो. समुद्रातल्या किल्ल्यावर याच सिमेंटच्या पट्ट्या मारल्या की काय होणार, ते माझ्या पडवीत येऊन बघा.

उलट मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर जा. लाटांनी दगड खाऊन टाकलाय आणि मधला चुना मधाच्या पोळ्यासारखा तसाच उभा आहे. तो चुना भिजवून मुरवायचा, वाळू घालून घाण्यात मळायचा, त्यात गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. वेळखाऊ काम आहे. टेंडरच्या मुदतीत बसत नाही, हे खरं.

म्हणून म्हणतो, एकदाच कोट्यवधींचं काम काढून पुढची तीस वर्षं विसरू नका. दर वर्षी थोडे पैसे द्या, गावातले चार गवंडी आणि दहा गडी कायमचे ठेवा. मे महिन्यात माथा आणि पाणी जायच्या वाटा, दिवाळीनंतर मुळं आणि सांधे. धोक्याचा भाग दोरी लावून बंद ठेवा, बाकी किल्ला माणसांना बघू द्या. येणाऱ्या बायाबापड्यांना आधी स्वच्छ संडास आणि प्यायचं पाणी द्या, लेझर नंतर.

आणि फलक लावाल तर खरे लावा. विजयदुर्गावरच्या 'साहेबाच्या ओट्या'वर १८६८ साली हेलियमचा शोध लागला, असं आम्ही पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. तो शोध ज्याच्या नावावर सांगतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर त्या वर्षी इंग्लंडात होता. तो इथं आला जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. एवढ्या लांबून दुर्बिणी घेऊन माणूस आपल्या किल्ल्यावर आला, ही गोष्ट काय कमी आहे? (हे लिहिल्यावर गावात मला चहा मिळेल का, माहीत नाही.)

पडवीचं सिमेंट यंदा मी छिन्नीनं खरवडून काढलंय. मागच्या दारी पिंपात चुना मुरत पडलाय. म्हातारा रोज येऊन काठीनं ढवळतो, चिमटीत घेऊन बघतो आणि म्हणतो, "अजून नाय."