'भारत धर्मशाळा नाही'वाला मेसेज: कोर्ट काय बोललं आणि फॉरवर्डमध्ये काय आलं

ग्रुपवर परत तोच मेसेज आलाय. सुप्रीम कोर्टच म्हणालं भारत धर्मशाळा नाही, निर्वासितांच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपली सही नाही, राज्यघटना फक्त नागरिकांसाठी आहे आणि महाराष्ट्राने असला भार कधी उचलला नाही, मग आता कशाला.

कोर्टाचं वाक्य खरंय. मे 2025 मध्ये न्या. दीपांकर दत्ता बोलले, यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली शिक्षा भोगलेल्या एका श्रीलंकन तमिळ माणसाला परत पाठवू नका अशी मागणी होती. पण कोर्टाने म्हटलं काय, तर इथे स्थायिक होण्याचा कलम 19 चा हक्क फक्त नागरिकांना, आणि कलम 21 चा, म्हणजे जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, भंग झालेला नाही कारण त्याला कायद्यानेच अटकेत ठेवलं होतं. 21 परदेशी माणसाला लागूच नाही असं कुणीही म्हणालं नाही, ते फॉरवर्डवाल्याने जोडलंय. 1996 मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना (पूर्व पाकिस्तानातून आलेल्या) हाकलायच्या धमक्या येत होत्या तेव्हा याच कोर्टाने राज्य सरकारला बजावलं की यांच्या जिवाचं रक्षण करा.

सही नाही, बरोबर. तरी 1959 ला तिबेटी आले त्यांना जागा दिली, 1971 ला पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी लोक आले त्यांना छावण्यांत ठेवलं आणि त्या खर्चासाठी आपल्या आईवडिलांच्या पिढीने टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावलं. युद्ध संपल्यावर त्यातले बहुतेक परत गेले. आसरा देणं आणि नागरिकत्व देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजमध्ये त्या मुद्दाम एकत्र केल्यात आणि मला राग त्याचाच येतो.

महाराष्ट्राचं तर बोलूच नका. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं, सोव्हिएत रशियातून सुटून इराणमार्गे आलेली. खर्च बराचसा त्यांच्याच परागंदा सरकारचा होता हे खरं, पण जागा आणि माणुसकी इथली होती, म्हणून तर वॉर्सामध्ये आज कोल्हापूरचं स्मारक आहे. फाळणीनंतर त्याच जागेवर सिंधी कुटुंबं आली, तेच आजचं गांधीनगर. उल्हासनगर तसंच उभं राहिलं. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी वस्ती आहे, गडचिरोलीत बंगाली निर्वासितांची गावं आहेत.

मत देणं, कुठेही स्थायिक होणं हे नागरिकांचंच राहावं, मलाही तसंच वाटतं. पण आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही, परदेशी नागरिकांच्या सामान्य कायद्यातच सगळे बसवतात, त्यामुळे तिबेट्याला एक वागणूक, तमिळाला दुसरी, रोहिंग्याला तिसरी, आणि कुणाला काय मिळणार हे त्या वेळचं सरकार ठरवतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी खासदाराला विचारावं, हा कायदा अजून का झाला नाही.