फुटायचं तर दणक्यात फुटा

घराचा विमा काढलाय ना? मग भिंतीतल्या पाइपची काळजी सोडा. ओल न आलेली भिंत दाखवा आणि हजार रुपये मिळवा, अशी पैज ठाण्यात खुशाल लावावी, कुणी जिंकणार नाही. अशा शहरात विम्याच्या पैशांतून गळतीची दुरुस्ती करून घेण्याइतकं सोपं काम नाही. नुकताच आमचा क्लेम नामंजूर होऊन आलाय, तेव्हा मी अधिकारवाणीनं बोलतोय असं समजा.

पहिली गोष्ट, पाइपला वळण लावा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवावी लागते. कुठल्या कारणानं झालेलं नुकसान भरून मिळेल, त्याची यादी तिच्यात आहे. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड आणि पाण्याच्या टाक्या, उपकरणं, पाइप फुटणं किंवा भरून वाहणं. पाझरणं नाही. त्यामुळे आतल्या आत थेंब थेंब गळायचं, आधी रंग फुगवायचा, मग पोपडे काढायचे, मग कपाटाची मागची फळी कुजवायची, हे घुमेपण चालायचं नाही. पाइपला स्पष्ट सांगा, बाबा रे, एकदाच फूट, दणक्यात फूट, आणि जमलं तर दिवसाढवळ्या, घरातलं कुणीतरी मोबाइल धरून उभं असताना.

गळतीचा उल्लेख यादीत अजिबात नाही असंही नाही हं. आग विझवणाऱ्या स्वयंचलित स्प्रिंकलरची गळती चालते. बाथरूममध्ये बसवून घ्या एक.

गृहकर्जाच्या वेळी बँकेत 'इन्शुरन्स' म्हणून जिथे सही केलीत, तो कागदही काढून बघा. बरेचदा तो विमा तुमच्या जिवाचा असतो, भिंतींचा नसतो. म्हणजे पाणी गळून तुम्ही दगावलात तर कर्ज फिटेल. तेवढाच दिलासा.

विम्याची रक्कम ठरवताना फ्लॅटचा बाजारभाव डोक्यात आणू नका. कार्पेट एरिया गुणिले बांधकामाचा दर, एवढाच हिशेब. घोडबंदर रोडवर तुम्ही जे कोटी मोजलेत ते मुख्यतः जागेचे आणि ब्रोशरमधल्या खाडीच्या दर्शनाचे. त्यांना ओल लागत नाही.

आता मुख्य पथ्य. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत काहीही दुरुस्त करायचं नाही, पण नुकसान वाढूही द्यायचं नाही. हे कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा. आमच्याकडे आलेले सर्व्हेअर साहेब अगदी सभ्य. चहा घेतला. मग पॅसेजच्या भिंतीचा एक पोपडा अंगठ्याच्या नखानं अलगद उचकटला, त्याच्या पाठीला चिकटलेला जुना पिवळा रंग मला दाखवला आणि म्हणाले, "म्हणजे आधी एकदा रंगवलंय." दिवाळीला घर रंगवलं हा पुरावा! पुढे विचारलं, सोसायटीला लेखी कळवलं होतं का? मी तत्परतेनं फाइल काढली. सेक्रेटरींना दिलेली पत्रं, पोच घेतलेली, तारखेनुसार लावलेली. साहेबांनी प्रत्येकाचा फोटो काढला. आणि क्लेम नामंजूर झाल्याचं जे पत्र आलं, त्यात आमचीच पत्रं आम्हाला दाखवलीत. गळती जुनी आहे, हळूहळू झालेली आहे, सबब अनपेक्षित घटना नव्हे.

कळतंय ना? लेखी दिल्याशिवाय सोसायटी हलत नाही, आणि लेखी दिलं की विमा कंपनी म्हणते तुम्हाला आधीपासून माहीत होतं. लेखी दिलं नसतं तर म्हणाली असती, नुकसान टाळायला तुम्ही केलंत काय? आणि सोसायटी काय करत होती? आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नियमावलीत, स्वच्छ लिहिलंय की पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेजची गळती सोसायटीनं आपल्या खर्चानं दुरुस्त करायची. स्वच्छ मराठीत! पण कमिटी म्हणते पाइप वरच्यांचा. वरचे म्हणतात, "आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे हो काका." अहो, तुमच्याकडे कोरडंच असणार, पाणी खाली येतं! नहाणी ट्रॅपभोवतीचं, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या भांड्याभोवतीचं, वॉटरप्रूफिंग गेलंय की डक्टमधला डाउनटेक, म्हणजे गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप, एवढं बघायला प्लंबरला दहा मिनिटं आत घेतलं तर नव्या टाइल्स काय रडणार आहेत?

असो. प्लंबरकडून पक्कं बिल मागा. नाक्यावरचा माणूस तुमच्याकडे ज्या नजरेनं बघेल ती फुकट मिळते.

इमारत नवी असेल तर पाइपला घाई करायला सांगा. रेरा या घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरनं फुकट दुरुस्त करायचा असतो, कळवल्यापासून ३० दिवसांत. सहाव्या वर्षी गळणारा पाइप मूर्ख.

आता थट्टा पुरे. विमा विकताना "पाण्याचं नुकसान सगळं कव्हर होतं सर" म्हणणाऱ्या पोरानं त्या यादीतली एक ओळ वाचून दाखवली असती तर त्याचं काय गेलं असतं? कंपनीकडे आम्ही लेखी तक्रार केली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाणार. तिथे ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात आणि फी लागत नाही. फुटलेल्या पाइपचा तुकडा, तारखेचे फोटो, बिलं तुम्हीही जपून ठेवा, फेकू नका.

आणि कमिटीवाल्यांनो, तुम्हाला तर काय बोलावं. बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि ०.२५ टक्के सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीची पुंजी) दरवर्षी गोळा करायचा असतो, तो काय एफडीच्या पावत्या एजीएमला मिरवण्यासाठी? डक्टमधले पाइप बदलायचा विषय निघाला की "मेन्टेनन्स वाढेल" म्हणून गप्प करता आणि गेटला ग्रॅनाइट लावायला लगेच तीन कोटेशन आणता. लाज वाटत नाही? खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई हॉलमध्ये बादली ठेवून झोपतात. आधी तो पाइप बदला.