गडावरची पिशवी

डॉक्टरांनी आधी रिपोर्ट बघितला, मग माझं पोट बघितलं आणि म्हणाले, "साताऱ्यात राहता ना? मग एवढा किल्ला कुणासाठी ठेवलाय?"

म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागलो. निघताना हिनं एक मोठी कापडी पिशवी हातात दिली. "केळ्याची सालं तिथं फेकायची नाहीत. यात घालून घरी आणायची."

"अगं, साल कुजतं."

"कुजेपर्यंत बघायला तुम्ही थांबणार आहात का तिथं?"

१६९९च्या डिसेंबरात वेढा घातलेल्या औरंगजेबाच्या फौजेला हा गड घ्यायला १७००चा एप्रिल उजाडला. शाळेत हे वाचताना मी अर्थातच गडावरच्यांच्या बाजूचा होतो. दुसऱ्या वळणावर मात्र मला पहिल्यांदाच त्या फौजेचं दुखणं कळलं. कठड्यावर टेकलो तेवढ्यात नऊवारीवर पांढरे बूट घातलेल्या एक आजी झपाझप पुढं गेल्या. "दमलासा व्हय? बसा, बसा."

वर पोचलो. वारा सुटला होता, कुठंतरी मोर ओरडत होता, खाली सातारा अजून पांघरुणात. दूर सज्जनगड. छाती भरून श्वास घेतला आणि नजर गेली ती झुडपात अडकलेल्या वेफर्सच्या पुडीवर. हातात पिशवी नसती तर मला ती दिसलीच नसती, याची मला खात्री आहे. वाकलो (हाही व्यायामच), उचलली, पिशवीत टाकली.

"काका, हे पण घ्या की." दोन पोरांनी दोन रिकाम्या बाटल्या आत सोडल्यासुद्धा. मी तोंड उघडेपर्यंत एका ताईंनी चहाचे कागदी कप दिले. एक गृहस्थ तर रागावलेच. "परवा तटाजवळ सगळं तसंच पडलेलं होतं. लक्ष देत जा जरा." मी का कुणास ठाऊक, "हो साहेब" म्हणालो.

मग त्यांचा आवाज मऊ झाला. "पगार तरी वेळेवर होतो का?"

आता, मी ज्या खाजगी कंपनीत काम करतो तिथला पगारही दहा तारखेच्या आत कधी दिसत नाही. देवीच्या देवळासमोर खोटं कसं बोलायचं? "नाही हो," म्हणालो. ते फार हळहळले आणि जाताजाता त्यांनी आपली पाण्याची बाटली दिली. रिकामी.

उतरताना पिशवी माझ्या पोटाएवढी झाली होती. पायथ्याशी नेमकी घंटागाडी उभी. धावत गाठली. गाडीवरच्या माणसानं आत डोकावून पिशवी परत माझ्या हातात दिली. "ओला-सुका वेगळा करा."

रस्त्याच्या कडेला बसून मी माझी केळ्याची सालं शोधत होतो, तेव्हा पांढरे बूट समोर येऊन थांबले.

"नवीन लागलासा व्हय?" आजी म्हणाल्या. "उद्या जरा लवकर येत जावा. आमच्या गल्लीत गाडीच येत न्हाई."