आजोबांना चार मुलगे होते

काल रात्री अकराला नानाकाकांचा फोन. "सकाळी घरी ये. मला मारलंयस तू."

घराण्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात कसं पडलं, ते सोडा. सकाळी इंदूरच्या रामबागेत पोचलो, तर काका सातव्या पानावर बोट रोवून बसलेले.

"वाच."

"आजोबांना चार मुलगे होते."

"होते? मग हा कोण बसलाय? गुजर गया क्या मैं?"

"काका, आजोबा नाहीत म्हणून 'होते'."

"एकच मुलगी असती तर काय लिहिलं असतंस? 'आजोबांना एक मुलगी होती.' यात 'होती' कोण? आजोबा?"

मी गप्प. माणूस चुकीचा असला की भांडता येतं. काका बरोबर होते, हा खरा ताप.

"मग 'आहेत' करतो."

"थोरला गेला, तुझा बाप गेला. खोटं छापणार?"

"आजोबांना चार मुलगे झाले?"

"गोवर झाल्यासारखे?"

आतून काकू म्हणाल्या, "दोन होते नि दोन आहेत, असं लिही की रे!"

"किराणा आहे का तो?" काका कडाडले.

खरं तर मेलेली माणसं व्याकरणाला फार सोपी. 'आजोबा पहाटे उठत, नदीवर जात' असा रीतिभूतकाळ लावला की निमूट बसतात. 'आजोबा होळकर संस्थानात कारकून होते', यावरही कुणाची हरकत नाही. संस्थानच 1948 साली मध्य भारतात विलीन झालं, तेही 'होतं'. संतांची तर चंगळ. तुकोबा 1650 साली गेले, तरी 'तुका म्हणे' चालूच आहे. आपण नुसतं 'म्हणे' म्हटलं की ती कुचाळकी होते.

चार महिने रात्री जागून लिहितोय मी. आजोबांची महेश्वरला बदली कधी झाली, हे याच काकांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा "बघतो". तारीख सांगायला कुणी नाही, क्रियापद तपासायला अख्खं घराणं हजर. पुण्याच्या चुलतभावाला बारा पानं पाठवली, त्याच्याकडून एक अंगठा आला. तोही तिसऱ्या दिवशी.

शेवटी 'अपत्ये : चार' असं ठरलं. क्रियापदच नाही. रेशनकार्डावर असतं तसं.

काकूंनी पोहे आणले. काका जिरावन मसाला भुरभुरत पुढची पानं चाळत होते. नवव्या पानावर थांबले आणि मोठ्यानं वाचलं, "दादांना पोह्यांवर जिरावन दोनदा लागतं."

दादा म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. 'लागतं' लिहिलं गेलंय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"लागायचं. करतो दुरुस्त," मी म्हटलं.

काकांनी जिरावनाची डबी माझ्याकडे सरकवली.

"ते राहू दे. आधी माझं कर."